नानांच्या नावाची सही

२८ सप्टेंबर २००८, रविवार, ऑकलंड. आजपासून इथली उन्हाळ्याची वेळ, घड्याळं तासभर पुढे. ओव्हनचं समीरने केलं, माझ्या खोलीतलं मी केलं. दिवसभर वारा, चादरी वाळल्या, पण लिंबाची फुलं बरीच झडली. उद्याच्या सर्वपित्रीसाठी तांदूळ, लाल भोपळा आणि उडदाची डाळ काढून ठेवली. गवार कुठेच मिळाली नाही. दुपारी शकु येऊन गेली. चहा नको म्हणाली. ह्यांचा पासपोर्ट मागत होती.

रोजनिशीत त्या दिवशी मी एवढंच लिहिलं. जे घडलं ते लिहावं, त्यावर शेरे मारू नयेत, ही सवय पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी लावली आणि ती काही सुटली नाही. पण शकुची हकिगत चार ओळींत बसणारी नाही. शिवाय ज्यांना ती माहीत आहे, ते आता वेगळीच सांगतात.

माझे यजमान मोरेश्वर, ज्यांना इथले सगळे नाना म्हणत, त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाचा पासपोर्ट कोणाला कशाला हवा असेल? मी शकुला तेच विचारलं. ती माझ्या पलंगाच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"हरीशभाऊंनी मागितलाय," ती म्हणाली. "नुसती झेरॉक्स हवीय, काकू. लगेच परत आणून देते."

"पण कशासाठी?"

तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर वाऱ्याने कचऱ्याच्या डब्याचं झाकण आपटत होतं.

शकु म्हणजे शकुंतला. चिंचवडच्या एका मराठी शाळेत ती बरीच वर्षं पी.टी.ची शिक्षिका होती. २००१ साली नवऱ्याबरोबर इथे आली. तिच्या पदवीला इथे कोणी विचारलं नाही. रवींद्रला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हॅमिल्टनजवळ 'ते रापा' नावाच्या भागात दूध पावडरच्या कारखान्यात काम मिळालं. तो आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. शकु पेनरोजच्या एका गोदामात शॅम्पूच्या बाटल्या खोक्यांत भरायची. ठेंगणी, खांद्याने रुंद, तळहात पुरुषासारखे कडक. हसताना तोंडावर हात धरायची. कोणी काही सांगितलं की आधी "हो" म्हणायची आणि मग विचार करायची. "नाही" हा शब्द तिला फक्त खांबावर चढणाऱ्या मुलांनाच म्हणता यायचा.

खांब म्हणजे मल्लखांब. नानांनी निवृत्तीनंतर इथे येऊन जे पहिलं काम केलं ते हे, की पुण्याहून बोटीने सागवानी खांब मागवला आणि सँडरिंगहॅममध्ये एक हॉल भाड्याने घेऊन व्यायाम मंडळ काढलं. जमीन खणायला परवानगी नव्हती, म्हणून लोखंडी बैठक करून त्यात खांब उभा केला. शिकवायला कोणी मिळेना. एके दिवशी भारतीय वाण्याच्या दुकानात नानांना ही बाई दिसली. पंचवीस किलोची तांदळाची गोणी तिने कमरेत न वाकता उचलली होती. "कुठल्या शाळेत होतात?" नानांनी सरळ हेच विचारलं. त्या रविवारपासून शकु मंडळाची प्रशिक्षक झाली. सहा दिवस खोकी, सातव्या दिवशी खांब. रविवारी तिचा आवाजसुद्धा वेगळा यायचा.

नाना २००५ च्या हिवाळ्यात गेले. त्यानंतरच्या वार्षिक सभेत नवा अध्यक्ष निवडायचा होता. मी पहिल्या रांगेत बसले होते. मागून कोणीतरी म्हणालं, "अध्यक्ष नानाच राहतील!" आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. आपल्या मंडळांमध्ये असं चालतं. गेलेल्या माणसाचा मान राहतो, खुर्ची राहते, पत्रिकेवर नाव राहतं. माझे डोळे भरून आले. नानांचा फोटो चंदनाचा हार घालून खांबासमोरच्या भिंतीवर लावला, आणि मुलं खांबाला सलामी दिली की वळून फोटोलाही द्यायला लागली.

समीर, माझा मुलगा, घरी येताना गाडीत म्हणाला होता, "आई, भोळी आहेस. हरीशला अध्यक्ष व्हायचंय आणि दुसऱ्या गटाला तो नकोय. भांडण नको म्हणून बाबांना ठेवलंय." हरीश म्हणजे मंडळाचा सचिव. पुण्याचा, आयटीतला, फार गोड बोलणारा. मी समीरला गप्प केलं होतं.

२००८ च्या जानेवारीत जर्मनीहून एक ईमेल आली. तिकडच्या एका लहान गावातल्या क्रीडा क्लबात कित्येक वर्षं मल्लखांब शिकवतात, हे मला तेव्हाच कळलं. तिथल्या शिक्षिका आन्नेग्रेटबाईंनी लिहिलं होतं की युरोपियन युनियनने तरुणांसाठी नवी योजना काढली आहे. युरोपातली आणि दूरच्या देशांतली मुलं एकत्र येऊन काही शिकणार असतील तर ब्रसेल्सहून अनुदान मिळतं. मुख्य अर्ज त्यांचा क्लब करील. ऑकलंडचं मंडळ सहभागी संस्था म्हणून येईल का?

त्या दिवशी शकुचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिच्या घराजवळच्या एका शाळेत ती हेलपाटे घालत होती. हे ऐकून तिथल्या मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या, पुढच्या वर्षी क्रीडा विभागात एक जागा होणार आहे. नुसत्या जुन्या सर्टिफिकेटांवर मी बोर्डाला पटवू शकत नाही, पण असा युरोपचा प्रकल्प मिळाला आणि त्यात प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव आलं, तर माझ्या हातात काहीतरी असेल.

"काकू, पुन्हा गळ्यात शिट्टी येईल माझ्या," ती म्हणायची. पोळी लाटता लाटता, भाजी निवडता निवडता, कितीदा तरी म्हणाली असेल.

आमच्या वाट्याचा अर्ज माझ्या जेवणाच्या टेबलावर भरला. माझं इंग्रजी बरं म्हणून ती मराठीत सांगायची आणि मी इंग्रजीत लिहायची. पत्रव्यवहाराचा पत्ताही तिने माझाच दिला. तिच्या भाड्याच्या घराचा भरवसा नव्हता. त्यांचे प्रश्न फार लांबलचक असत. एका रकान्यात विचारलं होतं, अशा शाळेबाहेरच्या शिक्षणातून तरुणांमध्ये कोणता बदल अपेक्षित आहे?

शकु म्हणाली, "पडायला शिकतील."

"अगं, असं कसं लिहू?"

"खरंच सांगते. नीट पडायला आलं की माणूस चढायला घाबरत नाही. लिहा तुम्ही, चांगल्या शब्दांत लिहा."

मी लिहिलं. शेवटचं पान अध्यक्षांच्या सहीचं होतं. "हे हरीशभाऊ बघतील," असं म्हणून ते तिने वेगळं काढून नेलं. ऑगस्टमध्ये प्रकल्प निवडला गेल्याचं कळलं. करार व्हायचा बाकी होता. मंडळाने पेढे वाटले. मुख्याध्यापिकांनीही शकुचं नाव पुढे पाठवलं.

हे सगळं झालेलं, आणि आता ती माझ्या पलंगावर बसून नानांचा पासपोर्ट मागत होती.

"त्या शेवटच्या पानावर तुम्ही दोघांनी काय लिहिलंत?" मी विचारलं.

"नानांचं नाव."

"आणि सही?"

"पहिल्यांदा मी 'फॉर' लिहून माझी केली. हरीशभाऊ म्हणाले, आपल्याकडे ऑफिसात साहेब नसले की सगळे असंच करतात. 'अध्यक्षांकरिता' म्हणून." तिने पर्सचा बंद उघडला, परत लावला. "मग आन्नेग्रेटबाईंनी कळवलं की 'फॉर' चालत नाही. अध्यक्षांची स्वतःची हवी, मूळ कागदावर, टपालाने."

"मग?"

"मग हरीशभाऊंनी कोरं पान दिलं. म्हणाले, शकुताई, नानांची सही तू प्रमाणपत्रांवर पाहिलीयस. यावेळी 'फॉर' नको."

"आणि तू केलीस."

"हो."

"हरीशने स्वतः का नाही केली?"

"ते म्हणाले, सचिवाने अध्यक्षांची सही करणं बरं दिसत नाही."

मी उठून कपाटातून पासपोर्ट काढला. नाना गेल्यावर तो रद्द करून, कोपरा कापून मला परत मिळाला होता. शकुने तो हातात घेतला आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"झेरॉक्समध्ये एवढा कोपरा कळणार नाही, असं म्हणतील ते," ती हळूच म्हणाली. स्वतःशी बोलल्यासारखी.

"शकु!"

तिने पासपोर्ट माझ्या मांडीवर ठेवला. "करारासाठी अध्यक्षांच्या पासपोर्टची प्रत मागितलीय त्यांनी. आणि बाई स्वतः येतायत, काकू. पुढच्या महिन्यात. पूर्वतयारीची भेट म्हणे. अध्यक्षांना भेटायचंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. नानांच्या नावाने पान वाढून मागच्या अंगणातल्या कठड्यावर ठेवलं. इथे कावळे नाहीत. साळुंक्या आल्या, भाताला चोच लावून उडून गेल्या. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर हरीश आला. बूट दाराशी काढले, नमस्कार केला, खीर घेतली.

"काकू, खीर काय झालीय! आमच्या घरी ही चव नाही."

"कामाचं बोल."

तो हसला. "पासपोर्ट नाही दिलात, राहिलं. त्याचं मी बघतो काहीतरी. बाई येतील तेव्हा तुम्ही फक्त एवढंच म्हणा की नाना पुण्याला गेलेत. तब्येतीसाठी. एक वाक्य, काकू."

"नानांना त्यांच्याच श्राद्धाच्या दिवशी पुण्याला पाठवतोस होय?"

"तुम्ही म्हणजे ना!" त्याने वाटी खाली ठेवली. "अहो, आपण कोणाला फसवतोय का? प्रकल्प खरा आहे, मुलं खरी आहेत. माझी पोर, मैत्रेयी, वर्षभर त्याच गोष्टीवर जगतेय. एका नावासाठी सगळं घालवायचं?"

"मग तू अध्यक्ष हो आणि त्यांना तसं कळव."

"आता? आता कळवलं तर ती सही कोणाची, हे विचारणार नाहीत?" तो अगदी शांतपणे बोलत होता, लहान मुलाला समजावतात तसा. "आणि ती माझी नाही, काकू. माझं त्यात काहीच जात नाही. तुम्हाला शकुताईंची काळजी असेल तर बघा."

तो गेल्यावर मी वाटी घासली. नंतर लक्षात आलं की तीच वाटी मी दुसऱ्यांदा घासते आहे.

दसऱ्याला हॉलमध्ये खांबाची पूजा होती. खांबाला एरंडेल चोपडून, हळदकुंकू लावून मुलं रांगेत उभी होती. शकु मुलांना दसरंग, म्हणजे उलट्या कोलांट्या घेत वर चढणं, दाखवायला खांबावर गेली आणि खांबाच्या मानेपर्यंत पोचल्यावर तिची पकड सुटली. ती खाली आली ती पाठीवर, धप्पकन. तिला असं पडताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. ती लगेच उठली, "तेल जास्त झालं," म्हणाली, आणि हसताना तोंडावर हात धरला. हाताला रक्त होतं.

मैत्रेयी माझ्या शेजारी येऊन बसली. सतरा वर्षांची; मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. "आजी, शकु आँटी इज नॉट ओके," ती म्हणाली. "शी कीप्स लुकिंग ॲट द डोअर."

"तुझ्या बाबांना सांग."

"डॅड सेज इट्स ऑल स्वीट ॲज." म्हणजे सगळं मस्त चाललंय. असं म्हणून तिने खांदे उडवले, पण तीही दाराकडे बघायला लागली.

बारा ऑक्टोबरच्या रविवारी आन्नेग्रेटबाई आल्या. समीरने मला हॉलच्या दाराशी सोडलं. जाताना काच खाली करून म्हणाला, "आई, खोटं बोलायचं नाहीस. आणि खरंही तू बोलू नकोस. घरी चल त्यापेक्षा." मी उतरले.

आत शिरताच मला भिंत दिसली. फोटो काढलेला होता. तिथला रंग बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता, चौकटीएवढाच. खिळा तसाच ठेवला होता. कमिटीचे सगळे धुतलेले सदरे घालून खुर्च्यांवर बसले होते आणि त्यांतला एकही भिंतीकडे बघत नव्हता.

आन्नेग्रेटबाई साठीच्या, उंच, केस अगदी बारीक कापलेले. "किया ओरा! नमस्कार!" असं माओरी आणि मराठी दोन्हीत म्हणून त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. नानांसाठी त्यांनी एक पाकीट आणलं होतं, त्यांच्या क्लबाच्या खांबाचं जुनं छायाचित्र चौकटीत घातलेलं. ते त्यांनी मांडीवर ठेवून घेतलं. हरीशने त्यांना काहीतरी सांगितलं असावं, कारण त्या मला म्हणाल्या, "आपल्या यजमानांची तब्येत कशी आहे?"

तेवढ्यात शकुची शिट्टी वाजली आणि मला उत्तर द्यावं लागलं नाही.

मुलं धावत आली. एकेकाने खांबाला सलामी दिली आणि सवयीने वळून भिंतीला दिली. त्या उजळ चौकोनाला. एक, मग दुसरा, मग मैत्रेयी. कोणी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं की आज वळायचं नाही.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. "तिथे काय होतं?" त्यांनी हरीशला विचारलं.

"घड्याळ," हरीश म्हणाला. "दुरुस्तीला दिलंय."

"मुलं घड्याळाला नमस्कार करतात?" बाई हसल्या. "हे मात्र आमच्या जर्मनीत शोभेल."

कमिटी मोठ्याने हसली. शकु हसली नाही. ती खांबाजवळ उभी होती, पकडीसाठी लावलेल्या राळेने पांढरे झालेले हात अंगापासून दूर धरून. मुलांनी उड्या घेतल्या, पकडी केल्या, मैत्रेयी खांबाच्या टोकावरच्या बोंडावर एका पायावर उभी राहिली. बाई टाळ्या वाजवत होत्या. मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली, मांडीवरचं पाकीट हातात घेतलं आणि मला विचारलं, "ते परत कधी येतील? मला हे त्यांच्याच हातात द्यायला आवडलं असतं."

हरीशने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या कमिटीने पाहिलं. मी तोंड उघडलं होतं, आणि त्यातून काय निघणार होतं हे मला आजही सांगता येत नाही.

"काकू, तुम्ही बोलू नका," शकु म्हणाली.

ती हॉल ओलांडून चालत आली. मुलांमधून वाट काढत सरळ आमच्याकडे.

"शकुताई, मुलं थांबलीयत," हरीश म्हणाला.

"थांबू देत." ती मला म्हणाली, "तुमच्या तोंडून नको, काकू. ते जिवंत आहेत असं तुम्ही नाही म्हणायचं." मग ती बाईंकडे वळली आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत बोलली. नाना वारले. तीन वर्षं झाली. कागदावरची सही मी केली. या हाताने. आणि तो हात तिने पुढे धरला.

लहान मुलं आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होती.

आन्नेग्रेटबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जानेवारीत सांगितलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर आपण दुसरं नाव लिहिलं असतं. एक ओळ होती ती. त्यात काही नव्हतं."

"अध्यक्ष बदलायला सभा घ्यावी लागते," शकु म्हणाली. दुसरं काय सांगणार?

"आता मला हे ब्रसेल्सला कळवावं लागेल. त्या अर्जावर माझीही सही आहे."

"मॅडम, आम्हालाही हा धक्काच आहे," हरीश म्हणाला. तो उभा राहिला होता. आवाज अगदी खरा वाटत होता. "कमिटीला याची काहीच कल्पना नव्हती."

मी कमिटीकडे पाहिलं. कोणी बुटाची नाडी बघत होतं, कोणी हॉलचं छत. "हरीश," मी म्हणाले, "सर्वपित्रीच्या दिवशी माझ्या घरी बसून तू काय बोललास?"

"काकू, तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो," तो म्हणाला.

मग मी आन्नेग्रेटबाईंना सरळ इंग्रजीत सांगितलं की सही करायला लावणारा हा माणूस आहे. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली. "पण हात त्यांचाच," त्या म्हणाल्या, आणि पाकीट बॅगेत परत ठेवलं.

मैत्रेयी खांबाजवळ उभी राहून रडत होती. तिच्या बाबांनी तिला गाडीत बसायला सांगितलं, तेव्हा ती त्यांच्या गाडीत बसली नाही. चालत घरी गेली.

पुढच्या आठवड्यात मंडळाची तातडीची सभा झाली. मी गेले, उभी राहिले, मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास आणून दिला. मग ठराव झाला: प्रशिक्षक शकुंतला यांनी कमिटीला अंधारात ठेवून परस्पर सही केली, म्हणून त्यांना कामातून मुक्त करण्यात येत आहे. दुसरा ठराव, कैलासवासी नानांच्या जागी हरीश यांची अध्यक्षपदी निवड. दुसऱ्या गटाने हात वर केले नाहीत, खालीही ठेवले नाहीत. चहा प्यायला उठून गेले. टाळ्या तेवढ्याच वाजल्या, जेवढ्या तीन वर्षांपूर्वी वाजल्या होत्या.

मुख्याध्यापिकांना शकुने स्वतः जाऊन सांगितलं. मी म्हटलं होतं, थोडं थांब, त्यांच्या कानावर जाईलच असं नाही. ती म्हणाली, "जाईल तोपर्यंत रोज वाट बघू?" मुख्याध्यापिकांनी प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. नोव्हेंबरमध्ये ती जागा दुसऱ्या कोणाला तरी दिली.

आन्नेग्रेटबाईंचं एक पत्र तेवढं आलं, शकुच्या नावाने, माझ्या पत्त्यावर. प्रकल्पातून ऑकलंडला वगळलं आहे. कागदपत्रं आता अशा एका विभागाकडे आहेत ज्याची त्यांनाही नीट माहिती नाही. सही करणाऱ्या व्यक्तीकडे खुलासा मागितला जाऊ शकतो, कदाचित इथल्या अधिकाऱ्यांमार्फतही. केव्हा, ते सांगता येत नाही. शेवटी हाताने लिहिलं होतं की त्यांना वाईट वाटतं.

शकुने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे येणार की नाही येणार?" तिने विचारलं.

"येऊ शकतं, असं लिहिलंय."

"म्हणजे येणार," ती म्हणाली.

त्यानंतर ती गोदामात कामाला जायची, पण तिथे कोणी ऑफिसात बोलावलं की ती पर्स बरोबर घेऊनच जायची, असं रवींद्र सांगत होता. फोन वाजला की ती उचलायची नाही. दारात अनोळखी गाडी थांबली तर आतल्या खोलीत जायची. हॉलमधले वर्ग बंद पडले. शिकवणारंच कोणी नव्हतं. एकदा मी भाजीला गेले असताना काचेतून डोकावले. खांब कोरडा पडून पांढुरका दिसत होता आणि त्याला टेकवून कोणीतरी घडीच्या खुर्च्या रचल्या होत्या.

नोव्हेंबर संपताना त्यांनी घर सोडलं. रवींद्रने ते रापाला दोन खोल्या बघितल्या होत्या. त्याच कारखान्यात शकुला पॅकिंगचं काम मिळणार होतं. जायच्या दिवशी भाड्याची व्हॅन रस्त्यावर उभी करून दोघं निरोप घ्यायला आली. शकु माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं तर तिचे खांदे हाताला हलके लागले.

"तिथे शाळा असतीलच गं," मी म्हणाले. "हॅमिल्टन मोठं आहे. एखाद्या शाळेत—"

"अर्जात विचारतात, काकू. तुमच्याविरुद्ध कुठे काही चौकशी चालू आहे का, म्हणून. काय लिहू? नाही म्हणून लिहिलं तर ते खोटं. हो लिहिलं तर कोण घेईल?" तिने रवींद्रकडे पाहिलं, तो बुटाच्या टोकाने गवत उकरत होता. "एक काम करा. माझ्या नावाने तुमच्याकडे काही आलं, तर उघडू नका. कोणाला सांगूही नका. मला फोन करा, मी येऊन घेऊन जाईन."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर असंच वाट बघत राहू," ती म्हणाली.

व्हॅन वळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते. मग पत्रपेटी उघडून बघितली. रविवारी टपाल येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी बघितली. आता रोज सकाळी बघते.

३० नोव्हेंबर २००८, रविवार. शकु आणि रवींद्र दुपारी हॅमिल्टनला गेले. हवा ढगाळ, ऊन नाही. न्हाणीघरातला नळ दोन दिवस गळत होता. संध्याकाळी समीरने वॉशर बदलला.